लिंबाखालचं शेण

पोलिसाला बरंच काही विसरावं लागतं, नाहीतर झोप यायची नाही. पण परभणी जिल्ह्यातलं ते जळीत मी मुद्दाम लक्षात ठेवलं आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, गावोगाव ताण होता. मी चुडाव्याकडच्या भागात फौजदार होतो. एका सकाळी एक बडा शेतकरी ठाण्यात आला. रात्री त्याचा गोठा आणि कडब्याची गंजी जळाली होती. संशयित म्हणून त्याने दलित वस्तीतल्या एका तरुणाचं नाव दिलं. तरुणाचा बाप त्याच्याकडे सालगडी होता. पोराची पोलीस भरतीत निवड झाली आणि त्याने बापाला सालातून सोडवलं. त्यावरून पोराची आणि शेतकऱ्याची चांगलीच जुंपली होती. पोराच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली.

तरुणाला चौकशीला आणलं. तो म्हणाला, "साहेब, मी भांडलो, खरं हाय. पन आग लावली न्हाई."

आमचे जमादार बाह्या सरसावून उठले. "माझ्याकडं द्या साहेब, सांजेपर्यंत कबूल होतो का न्हाई बघा."

"जमादार, पोलिसापुढची कबुली कोर्टात कवडीमोल," मी म्हणालो. "गुन्ह्याला हेतू लागतो, तशी कृतीही लागते. भांडणावरून हेतूचा संशय येईल फार तर. कृतीचा पुरावा कुठाय?" जमादार नाराज होऊन बसले.

दुपारी माझा खबऱ्या, स्टेशनाजवळचा हॉटेलवाला, चहा ठेवता ठेवता पुटपुटला, "एवढा गोठा जळाला साहेब, पन बैलाचा केससुदिक भाजला न्हाई. इचारा की."

मी पंच घेऊन गाव गाठलं. मालकाला सहज विचारलं, "बैल कसे वाचवले?"

"जाळ दिसला तसा पळालो. सोडायला येळ कुटला? कोयत्यानं दावी कापली अन् लिंबाखाली आणून बांधले."

लिंबाखाली गेलो. बैलांची दावी अखंड होती. शेणाचे थर पडले होते. वर ओलं आणि खाली दोन-तीन दिवसांचं, वाळून खपली धरलेलं. जळक्या गोठ्यातली राख बाजूला केली, तर जमीन झाडून लख्ख, शेणाचा मागमूस नाही. सगळं पंचनाम्यात घेतलं. मग मालकाच्या नव्या गड्यानेही जबाब दिला, "मालकानं परवाच बैलं हलवायला लावली."

 कृती मालकाचीच निघाली आणि निरपराध माणसाला गुंतवण्याचा हेतूही त्याचाच. पुढे खोट्या फिर्यादीचा खटला उभा राहिला आणि त्याला शिक्षा लागली. मला मनापासून आनंद झाला, तो मी लपवलाही नाही.

स्वतःचा गोठा पेटवणाऱ्यालाही बैल जाळवले नाहीत. माणूस कितीही बिघडला तरी त्याचा जीव कशात तरी गुंतलेला असतो. तपास तिथून सुरू करावा, हे मी त्या लिंबाखाली शिकलो.

पंचनामा झाला त्याच संध्याकाळी त्या पोराच्या पडताळणीच्या कागदावर 'आक्षेप नाही' असं लिहून मी सही ठोकली. ती इतकी ठासून केली की कागद फाटला.

"साहेब, फाटला की," जमादार म्हणाले.

"दुसरा आणा," मी म्हणालो. "पुन्हा करतो."