पुंगळीतली दारू

पिस्तुलाचा धक्का हलका बसावा म्हणून स्पर्धेची काडतुसं मी स्वतः भरते. त्यांत दारू इतकी थोडी लागते, की चुकून दुप्पट पडली तरी काडतुसाच्या पुंगळीत मावते. मग पिस्तूल हातातच फुटायचं.

उद्या स्पर्धा. मी दारू ओतत असताना आई दारातून म्हणाली, "जेवतेस ना गं?" हात थबकला. "या पुंगळीत पडली, की आधीच्याच पुंगळीत पुन्हा?" मी पुटपुटले.

"तुला कळेल की, शिकलेली तू," आई म्हणाली.

घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ठाऊक नसतानाही ठासून सांगायची सवय त्यातूनच लागली.

"नाही कळत, आई," म्हणत मी सगळ्या पुंगळ्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतल्या.

आई उंबऱ्यावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करू लागली.