शेंदराची गोष्ट

तुम्ही माझी शेंदराची गोष्ट ऐकली असेल. माझ्याच तोंडून ऐकली असेल — सत्कारात, नाटकाच्या आधी, नाहीतर टीव्हीवर. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठे बायका 'अगं बाई' म्हणणार, सगळं पाठ आहे. आज सांगणार आहे ती मात्र वेगळी. ती माझ्या नवऱ्याला माहीत नाही. देवापुढे हात जोडले तरी तिच्यापाशी आले की मी दुसरंच काही मागायला लागते.

लिहायची सवय नाही मला. शाळा सहावीत सुटली. नाटक कंपनीत आले तेव्हा नक्कल, म्हणजे संवादांची वही, बोट ठेवून वाचायची. तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घ्या असंही नको. नुसतं वाचा.

आधी मास्तर. त्यांच्याशिवाय सुरू कसं करू?

मी लोणारची. आई लहानपणी गेली, बापानं दुसरं घर केलं, आणि त्या घरात मी उरलेली होते. मास्तर नांदुऱ्याचे, पेटी शिकवायचे. लोणारला त्यांचा कार्यक्रम होता, त्यात मी कुणीतरी ढकललं म्हणून एक गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बापाशी बोलले आणि मला एस.टी.त बसवून घेऊन गेले. मेहकर, खामगाव, नांदुरा — अर्धा जिल्हा ओलांडला, आणि मला वाटलं आपण दुसऱ्या देशात आलो. तळ्याचा तो खारट कुजका वास नाही, रात्रंदिवस गाड्यांच्या शिट्ट्या, आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातून उडालेली रुई गटारीच्या कडेला बर्फासारखी साचलेली. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, पहिल्या दिवशी माझ्या केसातल्या उवा काढल्या आणि म्हणाल्या, "आता तू आमची." त्या घरात मी एकदाही अर्धपोटी झोपले नाही. हे लक्षात ठेवा.

मास्तरांना एकच मुलगी, वत्सला. माझ्याच वयाची. आणि मास्तरांचा एक मेळा होता — फलकावर त्यांनी 'ऑर्केस्ट्रा' असं रंगवून घेतलं होतं, पण गाव मेळाच म्हणायचं. पेटीवर मास्तर, ढोलकीवर जनार्दन, पुढे वत्सला, आणि तिच्या मागून मी. सिनेमाची गाणी, मास्तरांनी बांधलेली गाणी. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, बाजारसमितीच्या पटांगणात आम्हाला लोक उभं राहून ऐकायचे. वत्सलाचा आवाज असा होता की ती तोंड उघडे आणि पोरं रडायची थांबत. माझा चांगला होता. नुसता चांगला.

जनार्दन — जना — बौद्धवाड्यातला. बाप रेल्वेत गँगमन. आमच्या मेळ्याचा एक नेम होता: कार्यक्रमाआधी जनानं लावलेलं पान खायचं. ज्येष्ठमध, कंकोळ, थोडा कात, सुपारी नाही. गळा मोकळा होतो म्हणून. त्याच्या हातचं पान खातात म्हणून गावात कुजबुज होती, तर मास्तर मुद्दाम स्टेजच्या पुढे यायचे, सगळ्यांना दिसेल असं पान तोंडात घालायचे, आणि मगच पेटीला हात लावायचे. असा माणूस.

मग त्या उन्हाळ्यात नाटक कंपनी आली. अकोल्याहून भुसावळकडे जाता जाता जिनिंगच्या आवारात त्यांनी तंबू ठोकला. त्यांची एक गाणारी मुलगी मधेच सोडून गेली होती. मालकांनी निरोप धाडला — उद्या आमचा प्रयोग नाही, संध्याकाळी तुमचा मेळा आमच्या स्टेजवर होऊ द्या, तुमच्या मुली ऐकायच्या आहेत. 'मुली' म्हणाले होते, पण कोण जाणार हे सगळ्या नांदुऱ्याला ठाऊक होतं. काकूंनी वत्सलाची कपड्यांची पेटी काढून उन्हात ठेवली. मी ती पुसली. पुसता पुसता मनात आलं, ही गेली की मेळा संपला. मेळा संपला की मी कोण? परत लोणारला?

पाहा, मी आधीच कारण सांगायला लागले. ते सोडा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी काकू झोपल्या होत्या. मी वत्सलाला स्टेशनाबाहेर गोळ्याच्या गाडीवर नेलं. मास्तरांनी आम्हाला बर्फ सक्त बंद केला होता. भुसावळहून भुशात गुंडाळून बर्फ यायचा, त्याचा गोळा लाल पाण्यात बुडवून देत.

"बाबा मारतीन मले," वत्सला म्हणाली.

"एकानं काय होते व? उद्या तू कंपनीत जाशीन, मंग कोन खाऊ देते तुले गोळा?"

हसली. खाल्ला. मी दुसरा घेऊन दिला, तोही खाल्ला, ओठ लाल झाले म्हणून पदरानं माझ्याकडून पुसून घेतले. आणि मी? मी माझा गोळा हातात धरून ठेवला. एकदाही तोंडाला लावला नाही. तो वितळून कोपरापर्यंत आला.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

संध्याकाळी जनानं पानं लावली. आम्ही खाल्ली. वत्सलानं पहिलं गाणं उचललं, आणि अंतऱ्याला वर जाताना तिचा आवाज फाटला. पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. मागून मी ते गाणं धरलं. सगळी गाणी मला येत होतीच. मालक खुर्चीत पुढे सरकून बसले ते मी पाहिलं. गाता गाता पाहिलं.

आणि मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पोरीले पानात शेंदूर देल्ला."

नाटकवाल्यांत, गाणाऱ्यांत ही भीती फार. शेंदूर पोटात गेला की आवाज जातो म्हणतात. आणि पान कुणी लावलं होतं? बस. कारणं तर लोकांकडे तयारच होती. कुणी म्हणे, त्याचा तिच्यावर डोळा होता, ती जाते म्हणून केलं. कुणी म्हणे, मास्तरले आमी कव्हापासून सांगून राह्यलो होतो.

सकाळी जना आपणहून आला. पानाचा डबा घेऊन. ओट्यावर एकेक पुडी उघडून ठेवली — पाहा म्हणे, हुंगा, चाखा.  जनानं असं केलं हे मास्तरांना पटत नव्हतं, मला दिसत होतं. ते म्हणाले, "वत्सलाले विचारतो. ते सांगन तसं."

वत्सला मागच्या अंगणात मोरीपाशी होती. घसा बसलेला. मला बघून रडायला लागली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सिंधू, सांगू का व बाबाले? गोळ्याचं? जना दादाले उगीच बोलून राह्यले सारे."

ती सांगायला निघाली होती. तिला माराची भीती होती, तरी निघाली होती. तिला अडवलं नसतं, नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. तेवढंही जमलं नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "गोळा तं मीबी खाल्ला. माझा आवाज गेला काय?"

तिनं गळ्याला हात लावला.

"पान कडू नाही लागलं तुले? आठव बरं. माझं गोड होतं. तुझं कडू होतं — तू तोंड वाकडं केलतं, मी पाह्यलं."

मी नव्हतं पाहिलं. तिनं तोंड वाकडं केलंच नव्हतं. पण ती आठवायला लागली. माझ्यासमोर, भिंतीकडे बघत आठवायला लागली — आणि थोड्या वेळानं तिला आठवलं.

ओट्यावर येऊन ती बापाला म्हणाली, "हाव. कडू लागलं होतं."

जनानं तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.  पुड्या बांधायला लागला, तर मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. जाय तू." मास्तरांना त्याच्याशी तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ढोलकी आमच्याच घरी राहिली. पुढे तो गाव सोडून गेला, आणि मास्तरांनी पुन्हा पान तोंडात घातलं नाही की मेळा उभा केला नाही.

पुसलेली ती पेटी घेऊन मी कंपनीबरोबर गेले. काकूंनी मला ओवाळलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मालकांनी माझ्या जिभेवरचं 'मले-तुले' घालवलं, नाटकातली पदं माझ्याकडे आली, मग मुंबई, मग मोठी नाटकं. मुंबईत टीव्ही नवा नवा आला तेव्हा मला बोलावलं. दिवे इतके तापलेले की चेहऱ्यावरचा रंग ओघळत होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, पहिली संधी कशी मिळाली? मी ओघळलेला रंग पुसायला लागले. थेट चाललेला कार्यक्रम, त्या हातानं खुणा करतायत, बोला, बोला. आणि मी शेंदराची गोष्ट सांगितली. जनाचं नाव घेतलं नाही. 'आमचा ढोलकीवाला' म्हणाले. त्यानं काय फरक पडतो?

तेव्हापासून ती माझ्या गळ्यात आहे. प्रयोग लावणारे ठेकेदार म्हणतात, बाई, गाण्याआधी ते शेंदराचं होऊ द्या. मी नाही म्हटलं तर विचारतील का नाही. म्हणून सांगते. दर वेळी थोडी जास्त चांगली सांगते.

जना एकदा आला होता. मुंबईतच रेल्वेच्या कारखान्यात लागला होता. दुपारच्या प्रयोगानंतर थिएटरच्या मागच्या दाराशी उभा, केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं शिव्या देईल.

"सिंधूताई," तो म्हणाला, "टीव्हीत पाह्यलं तुमाले. शेजाऱ्याच्या घरी. पोरंबी होती माझी. लय चांगलं सांगतलं. पन एक राह्यलं पाहा — शेंदूर मी आनला कुठून, हे नाही सांगतलं तुमी. पोट्टे इचारतात. मले तं आठवत नाही. तुमाले मालूम असन तं सांगा, मी घरी तसंच सांगतो."

हसत होता तो. मी म्हटलं, माझी गाडी आली आहे. गाडी आली नव्हती. मी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले.

आणि वत्सला. तिचा घसा पंधरवड्यात मोकळा झाला होता, काकूंनीच मला नंतर सांगितलं. पण ती गायली नाही. मलकापूरला दिली तिला. मास्तर गेले तेव्हा मी नांदुऱ्याला गेले होते, तिथे कुणी बाई म्हणाली, वत्सला, एक अभंग म्हण बापासाठी. तिनं गळ्याला हात लावला. "माझा गळा शेंदराचा हाय बाई. सिंधूले सांगा." मी म्हटला अभंग. सगळे रडले.

दुसऱ्या दिवशी मी आत निजले होते आणि ती मागे मोरीपाशी भांडी घासत होती. तिला वाटलं कुणी ऐकत नाही. गुणगुणत होती. तेच गाणं, तोच अंतरा. वर गेली आणि आवाज कुठे हललासुद्धा नाही. मी दारापर्यंत गेले. दाराला हात लावून उभी राहिले, आणि तिनं मागे वळून बघायच्या आत परत येऊन अंथरुणावर पडले.

आता बुलढाण्याला माझा सत्कार आहे. जिल्ह्याची लेक म्हणून. पत्रिकेत छापलंय की बाई आपल्या आयुष्यातला तो प्रसंग स्वतः सांगतील. जाईन, आणि तिथे उभी राहून काय सांगेन ते मला माहीत आहे, कारण मी स्वतःला ओळखते.

म्हणून इथे लिहून ठेवते. जनानं त्या पानात ज्येष्ठमध घातला होता, कंकोळ घातला होता, थोडा कात घातला होता. दुसरं काही नव्हतं. गोळा मी दिला. आणि पान कडू होतं, हे वत्सलाला मी आठवायला लावलं.