दुसरा अँप्लिफायर

फोरमन निवृत्त झाले तरी त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. उभी हयात खिळ्यांच्या कारखान्यात गेली. तार गिळून खिळे थुंकणारी यंत्रं, आणि त्यांच्या मधोमध हे. कामगार कानात बोळे घालायचे, तर हे खेकसायचे, "बोळे कसले घालता रे? बाळंतीण आहात का?"

निवृत्तीनंतर हौसेने होम थिएटर घेतलं आणि महिन्याभरात त्याच्याशी भांडण उकरून काढलं. शब्दच कळत नाहीत म्हणे. धडाम-धुडूम सगळं व्यवस्थित, पण माणूस बोलायला लागला की तोंडात घास धरल्यासारखा. पिक्चर गेले खड्ड्यात हो, खरं दुखणं नातीचं होतं. परगावी राहणारी, नुकती शाळेत जाऊ लागलेली नात फोनवर काय बोलते ते यांना कळेना. "नीट बोल! पुटपुटू नकोस!" असं चार वेळा ऐकल्यावर पोरीने यांच्याशी फोनवर बोलायचंच सोडलं. आता ती बोलणं रेकॉर्ड करून आजीच्या मोबाइलवर पाठवायची. ते मोठ्या स्पीकरवर लावून नीट ऐकावं, एवढीच फोरमनची आस. पण तिथेही तीच पुटपुट.

मेव्हण्याने पिल्लू सोडलं. "दाजी, बाय-अँपिंग करा. स्पीकरच्या पाठीला चार खुंट्या आहेत ना? खालच्या दोन जाड आवाजाच्या, वरच्या दोन बारीक आवाजाच्या. खालच्या-वरच्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्या काढा आणि दोन्हींना वेगवेगळा अँप्लिफायर द्या. दोन नांगरांना एकच बैल कशाला?"

दुकानदार म्हणाला, "काका, शष्प फरक पडत नाही. आहे ते बरंय."

आता ऐकावं कुणाचं? आठवडाभर फोरमन त्या पट्ट्यांकडे बघत बसले. एखादी पट्टी चुकून तशीच राहिली तर दोन्ही अँप्लिफायर जळायचे. पण पोरीचा शब्द कळला तर? शेवटी रविवारी दुपारी "होऊ दे काय व्हायचं ते" म्हणत त्यांनी माळ्यावरचा जुना अँप्लिफायर उतरवला, पट्ट्या काढल्या, वायरी जोडल्या आणि पिक्चर लावला.

"अगं ए! ऐक, ऐक! आवाज कसा मोकळा झाला बघ!"

बायको हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "अहो, हे गोधडीखालून बोलल्यासारखं काय येतंय?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

हल्ली ती कमीच बोलायची. दर वेळी यांचं "काय?"; एकेक वाक्य तीन-तीनदा कोण सांगणार? तिने वाकून टेबलामागे बघितलं. जुन्या अँप्लिफायरची पिन फरशीवर पडली होती. वरच्या, बारीक आवाजाच्या खुंट्यांना आवाज जातच नव्हता. तिने पिन बोर्डात खोचली आणि म्हणाली, "हां, आता कसं! शब्द न् शब्द कळतोय."

फोरमनना काहीएक फरक कळला नाही.

त्यांनी पिन काढली, पुन्हा घातली. पुन्हा काढली. स्पीकर सोडून ते आता बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते. पिन काढली की तिच्या कपाळावर आठी यायची, घातली की जायची. स्पीकर धडधाकट होता. पहिल्या दिवसापासून धडधाकट होता.

"राहू द्या आता," तिने त्यांचा हात धरला.

"पोरीचं लाव," ते म्हणाले. "कालचं."

तिने लावलं. नातीचा आवाज खोलीभर पसरला. हेल कळत होता, लाडीगोडी कळत होती. शब्द एकही नाही. आवाज थांबला.

"छान बोलते," फोरमन म्हणाले.

"काय म्हणाली?"

फोरमननी मान खाली घातली. बायको समोर येऊन बसली, त्यांची हनुवटी वर केली आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश, ओठ हलवून म्हणाली, "ती म्हणते, आजी, आजोबांना सांग, मी पुटपुटत नाही. मी मोठ्यानेच बोलते."

फोरमन उठले, दोन्ही अँप्लिफायर बंद केले आणि पट्ट्या परत बसवायला घेतल्या. बायको पाठीमागून काहीतरी म्हणत होती. या वेळी त्यांनी "काय?" असं विचारलं नाही.