पुठ्ठ्याचा कीबोर्ड

मेलानिया ओस्तापिव्नाला राग आला की ती आवाज चढवत नसे. खडू मोडायची. त्या वर्षी तिच्या टेबलाखाली इतके तुकडे साचत, की झाडलोट करणारी पारास्का मावशी म्हणायची, "पोरांना शिकवतेस की जातं फिरवतेस गं?"

"जातंच फिरवते," ती म्हणायची. "पीठ तेवढं पडत नाही."

राग एका दारावर होता. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डोक्याशी. दाराला कुलूप होतंच. शिवाय चौकटीपासून दारापर्यंत एक दोरा ताणलेला होता, त्याच्या टोकांवर मऊ माती थापून पितळी शिक्का उठवलेला. शिक्का हेडमास्तर जखार युखिमोविच यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचा. आत कॉम्प्युटर होते. साखर कारखान्याने शाळेला दिलेले. जपानी, नवेकोरे, चादरीखाली झाकलेले.

दोन वर्षांपूर्वी मॉस्कोहून हुकूम सुटला होता. देशातल्या प्रत्येक शाळेने नववी-दहावीला कॉम्प्युटर शिकवायचा. पुस्तकं आली. मशीन आलं नाही. वेर्बिव्का गावच्या शाळेत गणित शिकवणारी मेलानिया उन्हाळ्यात पोल्तावा शहरात प्रशिक्षणाला जाऊन आली. तिथे एक मशीन होतं आणि त्याला फक्त प्रशिक्षक हात लावत. त्याआधी खार्किवला कॉलेजात असताना तिने कॉम्प्युटरसाठी गणितं लिहिली होती. भोकं पाडलेली कार्डं एका खिडकीत द्यायची. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून उत्तर यायचं. स्वल्पविराम चुकला तर कार्डं परत. खिडकीपलीकडे काय आहे, ते तिने कधी पाहिलं नाही. एवढ्या शिदोरीवर ती कॉम्प्युटरची शिक्षिका झाली.

तिने पुस्तकातलं चित्र पाहून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढले. एकेका बाकावर एकेक. पोरं पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. कॉम्प्युटरही पोरंच व्हायची. उस्तीना नावाची मुलगी मेमरी. तिला आकडे सांगायचे, ती ते धरून बसायची. कुणी गणित करायचं, कुणी फळ्यावर उत्तर लिहायचं, तो पडदा. त्यांनी एक प्रोग्रॅम रचला होता. जन्मतारीख दिली की वार सांगणारा. पोरांनी तो डोक्याने चालवला. वर्षभर चालवला. दर वेळी बरोबर आला.

मग मशीनं आली. बँड वाजला, फीत कापली, आणि संध्याकाळी दाराला दोरा लागला.

"मेलानिया ओस्तापिव्ना, तुम्ही शहाण्या आहात," हेडमास्तर म्हणाले. "हात लागला की वस्तू झिजते. नाही लागला तर नवी राहते."

"मग पोरांनाही शिकवू नका, जखार युखिमोविच. तीही नवी राहतील."

"थट्टा करा. एक जरी बिघडलं तरी सही कुणाची आहे? माझी. आधीच्या हेडमास्तरांची नोकरी एका जळालेल्या प्रोजेक्टरपायी गेली. विसरलात?"

ती विसरली नव्हती. पण दहावीची पोरं मेमध्ये शाळा सोडणार होती. कुणी कारखान्यात जाणार, कुणी सैन्यात, कुणी बीटाच्या शेतात. वर्षभर जी गोष्ट शिकली तिला एकदाही हात न लावता ती जाणार होती. ती दर आठवड्याला हेडमास्तरांकडे जायची. दर आठवड्याला ते म्हणायचे, "तपासणी होऊन जाऊ दे."

एप्रिलमध्ये तपासणी आली. सकाळी हेडमास्तरांनी स्वतः दोरा काढला, चादरी उचलल्या. इस्त्रीच्या कपड्यांतली दहावी मशीनसमोर बसली. मशीनं आधीच चालू करून ठेवलेली. प्रांताच्या कचेरीतून आलेले एक टक्कल पडलेले साहेब उस्तीनाच्या मागे उभे राहिले.

"हं बाळ, नाव लिही बघू."

उस्तीनाची बोटं भराभर फिरली. खाली न बघता. एकही अक्षर चुकलं नाही. पडदा कोराच राहिला.

"तू लिही," साहेब शेजारच्याला म्हणाले. त्याचीही बोटं फिरली. पडदा कोरा. तिसऱ्याचं तेच. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बिघडली? सगळीच?"

मेलानियाला कळलं. पोरं अक्षरांवर बोट नुसतं टेकवत होती. पुठ्ठा दाबायचा नसतो. दाबला की चेपतो. तिनेच त्यांना सांगितलं होतं, हलक्या हाताने घ्या, वर्षभर पुरवायचेत.

"दाब, उस्तीना," ती म्हणाली. "जोरात दाब."

उस्तीनाने दाबलं आणि बोट तसंच ठेवलं. उचलायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर तेच अक्षर धावत सुटलं. एक ओळ भरली. दुसरी भरली.

साहेब हसले. म्हणून मागचे सगळे हसले. उस्तीनाच्या कानशिलांवर रक्त चढलं.

"साहेब, ही मुलं आज पहिल्यांदाच..." मेलानियाने तोंड उघडलं.

"पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच बसलीत," हेडमास्तरांनी वाक्य तोडलं. "बुजलीत बिचारी. चला, चहा झालाय."

दाराला पुन्हा दोरा लागला. आठवड्याने अहवाल आला. विद्यार्थी फार कच्चे. मशीनं पोल्तावातल्या चांगल्या शाळेला द्यावीत, जिथे त्यांचा उपयोग होईल. शनिवारी ट्रक येणार.

शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाले, "सुटलो एकदाचे. ब्याद गेली."

मेलानियाने चहाचा पेला खाली ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर तो पेला त्यांच्यावर गेला असता.

शुक्रवारी तिचा तास होता. तिने दहावीला वर्गातून उठवलं आणि जिन्याने वर नेलं. पारास्का मावशी बादली घेऊन तिथेच होती. कुलपाची किल्ली तिच्याकडे असायची. किल्लीला कुणी भीत नसे. सगळी भीती त्या दोऱ्याची होती.

मेलानियाने दोऱ्यात बोट घातलं आणि ओढलं. माती फुटून खाली पडली.

"अगं बाई!" मावशीने कपाळाला हात लावला. "नोकरी जाईल, येडे!"

"जाऊ दे. उघड दार."

"मी काही पाहिलं नाही हं. मी फरशी पुसत होते." असं म्हणत तिने किल्ली फिरवली.

पोरं बसली. "दाबा आणि उचला," मेलानिया म्हणाली. बाकी काही शिकवायचं नव्हतं. त्यांनी वर्षभर पाठ असलेला प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा मशीनने चूक दाखवली. एक स्वल्पविराम. उस्तीनाने तो भरला. मग मशीन चालू लागलं.

"मी रविवारचा! म्हणून मला काम आवडत नाही."

"तू कुठल्याही वारी आला असतास तरी ऐदीच निघाला असतास."

"ओस्तापिव्ना, तुमची तारीख सांगा ना!"

तिने सांगितली. "मंगळवार," पोरं ओरडली.

"आई तर शुक्रवार म्हणायची."

"आईला कळा येत होत्या, ती वार बघत बसणार होती का?"

सगळे हसले. तीही हसली. तेवढ्यात पडदे काळे झाले. सगळे एकदम.

"गेलं?" उस्तीनाने विचारलं. "सगळंच?"

"सगळं." लिहिलेलं जपून ठेवायला मशीनला टेप लागते. टेपा हेडमास्तरांच्या कपाटात होत्या.

ती बाहेर आली. जिन्याशी विजेच्या खटक्यापाशी जखार युखिमोविच उभे होते, धापा टाकत, हात अजून खटक्यावर.

"सील तोडलंत! माझं सील! कळतं का तुम्हाला, सही माझी आहे!"

"आणि पोरं? ती कुणाच्या सहीवर आहेत?"

"उद्या मशीनं जाणार. आजच काय घाई होती?"

"उद्या जाणार, म्हणूनच आज."

तिने त्यांचा हात बाजूला केला आणि खटका वर ढकलला. मग पाठ खटक्याला लावून उभी राहिली.

"उस्तीना!" ती ओरडली. शाळेत पहिल्यांदा ओरडली. "पुन्हा लिहा. पहिल्यापासून!"

"बाजूला व्हा," हेडमास्तर म्हणाले.

ती हलली नाही. आतून आवाज येऊ लागला. पोरं खिळे ठोकावेत तशी अक्षरं दाबत होती. तास संपल्याची घंटा झाली. कुणी बाहेर आलं नाही.

शनिवारी ट्रक आला आणि मशीनं गेली. सोमवारी शिक्षकांच्या सभेत तिला समज वाचून दाखवली. दहावी काढून घेतली, चौथीचं अंकगणित दिलं. हेडमास्तरांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

"अहवालात माझ्या पोरांना कच्ची म्हटलंय," ती म्हणाली. "ते खोडलंत?"

कुणीतरी चमच्याने चहा ढवळत राहिलं.

"ते खोडा. मग सही मागा."

ती उठली आणि चौथीच्या तासाला गेली.