किल्लीवाल्याची आठ वाक्यं

बाईंच्या क्लासला बाहेर पाटी नाही. ड्रायक्लीनरच्या दुकानावर दोन खोल्या, खालून येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास आणि बावीस खुर्च्या. संध्याकाळी सहा ते साडेसात इथे मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात: एक नर्स, एक शिंपी, गोदामातले दोन कारकून, कुणी हॉस्पिटलच्या काउंटरवरची. चोवीस वर्षं हे चाललंय. बाईंचं नाव झालं ते एकाच गोष्टीमुळे. पुस्तकातली वाक्यं त्या वापरत नाहीत.

"पुस्तकातला जॉन आपला कोण लागतो? त्याचं घर फुटलं काय, राहिलं काय," असं त्या म्हणत. म्हणून उदाहरणात त्या गल्लीतली, बाजारातली माणसं घालत. ते लगेच लक्षात राहायचं. दुसरे क्लासवालेही त्यांचे कागद मागून नेत.

त्या आठवड्यात धडा होता चोरी-दरोड्याबद्दल बोलताना लागणाऱ्या क्रियापदांचा. क्रियापद साधंच, पण त्याला इन, ऑफ, अवे असं शेपूट लागलं की अर्थ पालटतो. नेमकं त्याच आठवड्यात पलीकडच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचं एक घर साफ झालं होतं. कुलूप शाबूत, कपाट रिकामं. पोलिसांनी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा घरी पाठवलं. त्याच्याकडे काही सापडलं नव्हतं.

ही बातमी बाईंच्या घरात वन्संनी आणली. "वहिनी, कुलूप न तोडता आत कोण जाणार, सांग की! भूत?"

रात्रीत आठ वाक्यं तयार झाली. किल्लीवाला घरात शिरला, ब्रेक इन. दागिने घेऊन पसार झाला, मेक ऑफ. शेजाऱ्याने खबर दिली, टिप ऑफ. पोलिसांनी सोडून दिलं, लेट ऑफ. आठवं वाक्य गेट अवे विथ या क्रियापदाचं होतं.

वर्गात हशा पिकला. शिंपी म्हणाला, "मॅडम, माझ्या दुकानाची किल्ली त्यानेच केलीय. आता दारात झोपू का?"

"झोपा," बाई म्हणाल्या, "पण घोरायचं इंग्रजीत."

मग नेहमीप्रमाणे एकेकाने एकेक वाक्य वाचायचं. आठवी पाळी शेवटच्या खुर्चीवरच्या मुलीची आली. हॉस्पिटलच्या काउंटरवर काम करणारी, दोन महिन्यांपूर्वी आलेली. ती उभी राहिली आणि तिने वाचलं, "द की-मेकर गॉट अवे विथ इट." उच्चार स्वच्छ.

"व्हेरी गुड. अर्थ?"

"किल्लीवाल्याने चोरी पचवली," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जिन्यात नर्सने बाईंना थांबवलं. "मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? ती त्या किल्लीवाल्यांचीच सून."

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या रंगात आला होतात."

सकाळी बाई कागद घेऊन कोपऱ्यावर गेल्या. टपरीत कोऱ्या किल्ल्यांचे घोस लटकत होते, किल्ली घासायचं मशीन बंद होतं. गिऱ्हाईक नव्हतं.

"या बाई. कुलूप अडकलं?"

"नाही. त्या कागदाबद्दल माफी मागायला आलेय."

"कसला कागद?"

सुनेने घरी चकार शब्द काढला नव्हता. बाईंना ते कळलं तेव्हा कागद त्यांच्या हातातच होता. किल्लीवाल्याने तो घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मला इंग्रजी येत नाही. वाचा तुम्ही. मराठीत सांगा."

बाईंनी आठही वाक्यं सांगितली. पाचव्याला एक माणूस किल्ली घेऊन आला, क्षणभर थांबला, "नंतर येतो" म्हणून निघून गेला. किल्लीवाल्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या सुनेने कुठलं वाचलं?"

"शेवटचं."

"नीट वाचलं का?"

"हो."

"हे कागद किती जणांकडे आहेत?"

"माझ्याकडचे वीस. शिवाय दोन क्लासवाल्यांनी नेलेत."

"ते आधी परत आणा. माफीचं मग बघू."

बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढली. "हिची एक जादा करून द्या."

"लागणार आहे तुम्हाला?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही. "नाही."

"मग ठेवा आत. माझ्यावर असे उपकार नकोत."

त्या संध्याकाळी बाईंनी वर्गापुढे उभं राहून सांगितलं, की ऐकीव गोष्ट त्यांनी खरी म्हणून लिहिली, तो माणूस चोर असल्याचा कुठलाही पुरावा नाही, आणि कागद परत द्या. कागद आले. इतर दोन क्लासमधलेही बरेच आले, सगळे नाही.

"मग खरा चोर कोण, मॅडम?" शिंप्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे तो असूही शकतो!"

परत हशा.

घरी वन्सं म्हणाल्या, "इतकं काय मनाला लावून घ्यायचं? सगळेच म्हणत होते."

"म्हणत होते. कागदावर उतरवलं मी."

सून थेट परीक्षेच्या दिवशी आली. हॉस्पिटलमध्ये वरची जागा मिळायला तिला ते सर्टिफिकेट हवं होतं. ती त्याच खुर्चीवर बसली, पेपर देऊन कुणाशी न बोलता गेली.

प्रश्नपत्रिका बाहेरून येते, तपासायची बाईंनी. चौथा प्रश्न होता: गेट अवे विथ वापरून स्वतःचं वाक्य लिहा. एकोणीस जणांपैकी अकरा जणांनी लिहिलं होतं, की-मेकर गॉट अवे विथ इट. शिंप्यानेही, नर्सनेही. स्पेलिंगची एकही चूक नव्हती. वाक्य बरोबर असेल तर दोन गुण, असा नियम. बाईंनी अकरा वेळा दोन गुण दिले.

सुनेचा पेपर पूर्ण सोडवलेला होता, फक्त ती एक ओळ कोरी. तिथे शून्य पडलं. ती पास झाली, दोन गुणांनी पहिला नंबर हुकला. सर्टिफिकेट न्यायला ती आलीच नाही, आणि ते घेऊन कोपऱ्यावर जायला बाईंचे पाय उचलले नाहीत. शेवटी नर्सच्या हाती पाठवलं.