फक्कीचं घर

आमचं गाव उठवून पनवेलजवळच्या नव्या वसाहतीत न्यायचं ठरलं. घरं कशी असावीत ते ठरवायला मुंबईहून एक आर्किटेक्ट साहेब आला. सुकलेल्या खाचरात फक्कीच्या रेघा मारून त्याने घर आखलं. पडवी, खोली, चूल, संडास. म्हणाला, रोज वागता तसं यात वागून दाखवा. कोण कुठून कुठे जातं ते मी टिपतो, मग भिंती बांधू.

कल्पना वाईट नव्हती. पण बांधावर अख्खा गाव बघत बसला होता. सासरे, दीर, जावई. मी चुलीपाशी बसून खोट्या भाकऱ्या थापल्या. सून रिकामी कळशी घेऊन आतबाहेर करत होती. संडासाच्या चौकोनात पुरुष हसत जाऊन आले. बाई एकही गेली नाही. बाप्यांच्या देखत कोण जाणार? साहेबाच्या वहीत आम्हाला संडास लागतच नव्हता. त्याने विचारलं नाही आणि आम्ही तोंड उघडलं नाही. तोंड न उघडल्याचा राग अजून जात नाही.

घरं झाली. संडासाचं दार थेट पडवीत. तिथे माझा नवरा आणि त्याचे सोबती दिवसभर पत्ते कुटायचे. सून पाचव्या महिन्यात होती. पहाटे एकदा जायची, मग पडवी रिकामी होईपर्यंत नाही. जावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणं सोडलं. तापाने फणफणली. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं, "लघवी तुंबवते ती. पोर जगायला हवंय ना?"

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, दार मागे काढायचंय. तो म्हणाला, साहेबाला विचारायला लागंल. मी पहार घेतली.

"नवी भित फोडतंस? लोक काय बोलतील?"

"तुमी पत्ते खेला," मी म्हटलं.

दुपारपर्यंत माणूस जाईल एवढी वाट झाली. तिला गोणपाट लावलं. पडवीतलं दार खिळे ठोकून बंद केलं. बाप्यांनीही आता मागून जावं. सून उभीच राहिली, पडवीकडे बघत.

"जा गो. कोन बघत नाय."

गेली.

मुलगी झाली, धडधाकट. ती रांगायला लागली तेव्हा साहेब पुन्हा आला, घरं कशी वापरता ते बघायला. तोवर आमच्या ओळीत सगळ्या घरांच्या मागे गोणपाटं लटकत होती. हे कोणी केलं, त्याने पडवीत टेकत विचारलं. मी नातीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "वही काढा. बायका पन जातात, लिवा."