सहा दिवस उशिराची तीज

ही गोष्ट माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपून राहिलेलं असं माझं काही उरलं नाही — चोरून बिडी ओढायचो, तेही तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं — पण हे एवढं एक राहिलं. मुलाला माहीत नाही. तांड्याला तर नाहीच नाही. मग तुम्हाला कशासाठी सांगतोय? ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तुम्ही बसला आहात, ऐकताय, तर सांगतो.

आधी मी कोण ते ऐका. घाटंजीच्या अलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, साठ-सत्तर घरांचा. आजा नायक होता, बाप नायक होता, म्हणून मीही नायक. म्हणजे तांड्याचा वडीलधारा — भांडणं मिटवायची, लग्नात पुढे बसायचं, सणाचा दिवस सांगायचा. पोटासाठी मात्र मी एसटीत कंडक्टर होतो. उभा जन्म लोकांना तिकिटं फाडून दिली. सात वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन ‘चारचंच हाय जी’ म्हणणाऱ्या बाया किती पाहिल्या असतील! एकीलाही सोडलं नाही. खोटं बोलणारा माणूस मला डोळ्यांवरून कळतो, असं मी मिरवत आलो. हसा, हसायला हरकत नाही.

माझा मुलगा प्रकाश इंग्लंडात असतो, लीड्स नावाच्या गावात. खरं तर सून नेते आणि मुलगा जातो असं झालं. वैशाली नर्स आहे, तिला तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि आमचे चिरंजीव मागोमाग गेले. त्यांना दोन लेकरं. मोठी आर्या, तेव्हा अकरा वर्षांची. धाकटा रोहन नुकताच दोन वर्षांचा झालेला. पाच वर्षांत त्यांचं इकडे येणं झालं नव्हतं. धाकट्याला तर आम्ही फक्त फोनमध्येच पाहिलेलं.

आणि आर्याला तीज पेरायची होती.

तीज म्हणजे आमचा लेकींचा सण. श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब तोडून थोरामोठ्यांच्या पागोट्यात खोवतात. लग्न झालं की पेरणं संपलं. आर्यानं हे सगळं व्हिडिओवर पाहिलेलं. एका वर्षी तिनं आइस्क्रीमच्या डब्यात गहू पेरला, खिडकीत ठेवला आणि मला फोनवर दाखवला — पिवळेपिवळे, लांबुळके कोंब. ‘दादा, बरोबर आलं का?’ आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मी म्हणालो, फस्क्लास आलं. फोन ठेवला आणि माझा जीव कसानुसा झाला.

म्हणून त्या वर्षी मी तिकिटं शोधायला बसलो. प्रकाशला वेळ नव्हता, आणि मी तर रिटायर माणूस. त्यात माझं अर्धं आयुष्य तिकिटांत गेलेलं — मला कोण शिकवणार? पण विमानाचं तिकीट ही काय चीज आहे ते तिथे कळलं. आपल्या गाडीचं यवतमाळचं भाडं सकाळी एक, दुपारी एक असं कधी झालं का? इथे मी चहा पिऊन येईपर्यंत आकडा बदललेला. तिकडे शाळा बुडवली तर आईबापाला दंड होतो म्हणे, म्हणून सगळ्या दुनियेला सुट्टीतच उडायचं, आणि हे विमानवाल्यांना पक्कं ठाऊक. सुट्टी लागली की भाव आभाळाला. हाफ तिकिटाची तर गोष्टच सोडा. बारक्याला दोन वर्षं झाली तर त्याला आख्खी सीट, आणि तो बसणार आईच्याच मांडीवर.

रोज दुपारी जेवलो की बाजेवर पडून मोबाइल घ्यायचा. थेट दिल्ली पाहिली, आखातातून मुंबई पाहिली, मुंबईहून रेल्वेनं धामणगाव पाहिलं. दोन दिवस अलीकडे, तीन दिवस पलीकडे. बायको भांडी घासता घासता म्हणायची, ‘‘तुमाले इमानात कंडक्टर ठेवलं काय हो?’’ पण खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येत होती. इतकी मजा तर मला ड्युटीवर असतानाही आली नव्हती. मनात मी रोज त्या चौघांना बसवून आणत होतो.

आणि सापडलं! चौघांचं जाऊन-येऊन, इतर दिवसांच्या जवळजवळ निम्म्या भावात. वाचलेल्या पैशांत एक बैलजोडी आली असती. मी बाजेवर उठून बसलो. मग तारीख पाहिली.

तीज राखीपुनवेला पेरायची, असं मी तांड्याला सांगून चुकलो होतो. हल्ली पोरी नागपूर-पुण्याला असतात, त्यांना सुट्ट्या मांडाव्या लागतात, म्हणून त्या आखाडातच नायकाच्या दारात येऊन दिवस विचारून जातात. आणि ही स्वस्तातली गाडी — विमान — येत होती पुनवेनंतर पाचव्या दिवशी.

प्रकाश म्हणाला, ‘‘बा, ह्या तारखेलेच जमते. पण तवरिक पेरून होईन. जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू.’’ आमचं घरातलं बोलणं गोरबोलीतलं, तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगतोय. आर्या त्याच्या बाजूलाच होती. ती रडली नाही, हट्ट केला नाही. तिनं फोन हातात घेतला, पलंगावर ठेवला आणि निघून गेली. मला बराच वेळ त्यांच्या घराचं छत दिसत राहिलं.

मी म्हणालो, ‘‘तिकीट काढ. तीज त्याच दिवसांत हाय. माह्याच सांगण्यात चूक झालती.’’

हे पहिलं खोटं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? दिवस सांगणं नायकाच्याच हातात, तांड्याला खरं सांगायचं होतं — नात येतेय, सहा दिवस थांबू या. कोण नाही म्हणालं असतं? उलट पोरी नाचल्या असत्या. तेच तर. पण दोनच वर्षांपूर्वी एका घरच्या पोरीची परीक्षा आडवी आली होती. तिचा बाप माझ्या दारात येऊन बसला होता, आणि मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं की तीज कोणासाठी थांबत नसते. आता माझ्या नातीसाठी थांबवायची कशी? कोणत्या तोंडानं?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर चार माणसं बसलेली पाहून मी म्हणालो की रात्री सपनात मरियामा याडी आली होती. याडी म्हणजे आई. देवीलाही आम्ही तेच म्हणतो. म्हणालो, याडीनं सांगितलं, यंदा दाणे सहा दिवस उशिरा टाक.

कोणी एकही प्रश्न विचारला नाही. ज्याला दोन वर्षांपूर्वी परत पाठवलं होतं, त्या बापानंही हात जोडले. एक म्हातारी तर म्हणाली, तिलाही परवापासून असंच काहीतरी वाटून राह्यलं होतं. मी घरी आलो आणि पोटभर जेवलो. तेव्हा मला वाईट वाटलं असं सांगितलं तर तेही खोटंच होईल. माझी नात येणार होती. मी आनंदात होतो.

आता निकिताचं सांगतो. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

निकिता आमच्या मागच्या गल्लीतली. पुण्याकडे एका कारखान्यात कामाला होती. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलेलं, म्हणजे ही तिची शेवटची तीज. लहानपणापासून तांड्यातलं गाणं तीच उचलायची. तिनं सूर धरला की बाकीच्या पोरी मागून येणार. माझ्या पहिल्या सांगण्यावरून तिनं दहा दिवसांची सुट्टी मांडली होती, ती मंजूरही झाली होती. दिवस बदलल्यावर तिनं साहेबाला विचारून पाहिलं. सुट्टी हलली नाही. ती पुनवेला आली, तेव्हा तांड्यात एकही टोपली भरलेली नव्हती. पहिले सहा दिवस काहीच नाही, मग पेरणी, आणि कोंब बोटभर व्हायच्या आत तिची परतीची गाडी. तोडायला ती नसणारच होती.

ती आली त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. मला वाटलं भांडेल. मी तयारीतच होतो, नायकाचा आवाज काढून. पण ती पायरीवर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, ‘‘काका, सपनात याडी माह्याबद्दल काई बोलली काय? माही शेवटची हाय नं, म्हून विचारून राह्यली.’’

सांगायला हवं होतं की नाही? अजूनही हातात होतं. ‘बोलली नाही’ एवढं जरी म्हणालो असतो, तरी पाप जेवढं होतं तेवढंच राहिलं असतं.

मी म्हणालो, ‘‘बोलली. तुहं नाव घेऊन बोलली. म्हणे, निकिताची तीज मीच पाहून घेईन, तिनं खुशीनं नांदाले जावं.’’

तिचा चेहरा असा उजळला — मी काय सांगू! तिनं दोनदा विचारलं, ‘‘नाव घेतलं?’’ आणि मी दोन्ही वेळा हो म्हणालो. ती पाया पडली आणि जवळजवळ पळतच घरी गेली. तिच्या आईच्या ओरडण्याचा आवाज मला इथवर आला, आनंदाचा.

मग आमचे चौघे आले. धामणगावला उतरवून घ्यायला अर्धा तांडा जीप भरभरून गेला. बारक्यानं मला पाहिलं आणि फोनमध्ये पाहायचा तसा माझ्या नाकाला बोट लावून पाहिलं. आर्याला बायकोनं आरशांची काचळी, म्हणजे चोळी, आणि फेट्या, म्हणजे घेरदार घागरा, शिवून ठेवला होता. पोरगी ते घालून अंगणभर गरागरा फिरली. पेरायच्या दिवशी पोरी बोराटीच्या काट्यांना भिजवलेले हरभरे टोचतात आणि पोरं फांदी हलवून त्यांना सतावतात, तेव्हा आर्याची दोन बोटं टोचून निघाली. तरी ती हसत होती आणि अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या गोरबोलीत पोरांना शिव्या घालत होती. शिव्या तेवढ्या तिला चोख येत होत्या.

तिला टोपली निकितानं दिली. स्वतःसाठी आणलेली, बाभळीखालची माती चाळून भरून ठेवलेली. म्हणाली, ‘‘माही तर याडी पाहून राह्यली. तू हिच्यात पेर.’’ तिनं आर्याचा हात धरून दाणे कसे टाकायचे ते दाखवलं, तीन दिवस तिला गाणी शिकवली आणि चौथ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. मी स्टॉपवर सोडायला गेलो होतो. खिडकीतून ती हात हलवत होती, बस वळेपर्यंत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तीज तोडली. सगळ्यांत दाट गहू आर्याच्या टोपलीत आलेला. तिनं कोंबांची जुडी माझ्या पागोट्यात खोवली, तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. लोकांना वाटलं, नातीच्या मायेनं. त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नाही. हे सांगायची मला लाज वाटते, पण खोटं नाही. आजही तो दिवस आठवला की मन भरून येतं. तो दिवस परत मिळत असेल तर मी काय करीन? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

देवीनं मात्र माझी बरी जिरवली. पुढच्या वर्षी तांड्यानंच ठरवलं की याडीनं सांगितलेला दिवस मोडायचा नाही. आता आमची तीज दरसाल पुनवेनंतर सहाव्या दिवशीच पेरतात. शेजारच्या दोन तांड्यांनीही तोच दिवस धरलाय. आणि श्रावण तर दरवर्षी हलतो. त्यामुळे पुढच्याच वर्षी तो सहावा दिवस नेमका विमानाच्या सगळ्यांत महाग आठवड्यात येऊन बसला. मी बाजेवर पडून आकडे पाहत राहिलो आणि एकटाच हसलो. नायकाला सणाचा दिवस हलवता येतो, पण याडीचा शब्द कोण हलवणार? त्या वर्षी ते लोक आले नाहीत.

निकिता गेल्या महिन्यात माहेरी आली होती. चांगलं घर मिळालंय तिला, अंगानं भरलीय, हसणं तसंच. सासरच्या तांड्यात तिला वेगळाच मान आहे — देवीनं जिचं नाव घेतलं ती सून. तिथल्या बाया पोरीचं काही अडलं की हिच्याकडून आधी ओटी भरून घेतात. ती हे सांगत होती आणि माझी बायको कौतुकानं ऐकत होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

मग तिनं तिची लेक, सात-आठ महिन्यांची, माझ्या पायांवर घातली. म्हणाली, ‘‘काका, हिच्यासाठी बी याडीले विचारा नं. माह्यासाठी बोलली होती तशी.’’

मी त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणालो, ‘‘याडीनं हो म्हटलं.’’